सातबाऱ्यावर विहीर आहे, बोजा आहे. खालची जमीन कशी आहे ते नाही

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. रानात घर बांधायचं ठरलंय, नकाशा काढून दे म्हणाला. खोल्या किती, जिना कुठं, देवघर कुठल्या कोपऱ्यात, सगळं बोलून झालं. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "आक्का, ती भूकंपाची भेग आपल्या रानाखालून जाती का गं?"

मी स्थापत्य अभियंता आहे. वीस वर्षं घरांचे पाये काढतेय. त्याला उत्तर देता आलं नाही.

आमचं आजोळ किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची मणामणाची माती. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी तीच माती अंगावर आली. आठ-दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मामाकडची माणसं पुढं कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडमध्ये होती; पत्र्यावर पाऊस वाजला की आजी दचकून उठून बाहेर पळायची.

त्या वेळच्या भूकंप-नकाशात आमचा भाग पहिल्या झोनमध्ये होता, म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या. आदल्याच वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीत धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. तरी नकाशा जागचा हलला नाही. २००२ च्या सुधारणेत आम्ही तिसऱ्या झोनमध्ये आलो. माणसं गेल्यावर नकाशा बदलायचा, ही रीत मला मान्यच नाही.

आणि झोनचा नकाशा तरी किती सांगणार? अख्ख्या जिल्ह्याला एक रंग. त्यावरून कॉलमात सळई किती टाकायची याचं गणित मी मांडू शकते. घर या बांधाला घ्यावं की त्या, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी गावाच्या मापाचा नकाशा लागतो. भेग कुठून जाते, काळी माती किती खोल आहे, मुरूम किती फुटांवर लागतो, हे दाखवणारा.

आपल्याकडे हे काम अवघड आहे, हे मी नाकारत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणानं जुने भ्रंश, म्हणजे खडकातल्या या भेगा, झाकून टाकलेत. किल्लारीत भूवैज्ञानिकांनी खोल भोक घेतलं तेव्हा तीनशे मीटरहून जास्त जाडीचे लाव्हाचे थर लागले आणि मग खालचा जुना खडक. कोयनेच्या भूकंपांचं मूळ शोधायला तर गोठणे इथं तीन किलोमीटर खोल जावं लागलं. पण किल्लारीत जमिनीचा एक पट्टा उचलला जाऊन भेग वर आली होती, डोळ्यांनी दिसत होती. निदान अशा दिसलेल्या, अभ्यासलेल्या रेघा तरी तलाठ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या नकाशावर असायला हव्यात. अहवालात राहून त्या कुणाचं घर वाचवणार?

कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये सॅन फर्नांडोला भूकंप झाला आणि दुसऱ्याच वर्षी कायदा आला. जिवंत भ्रंशांभोवतीचे पट्टे नकाशावर आखायचे, त्या पट्ट्यात बांधायचं तर आधी भूवैज्ञानिकाकडून तपासणी करून घ्यायची आणि भेगेपासून साधारण ५० फूट दूर राहायचं. साध्या एकट्या लाकडी घरांना सूट आहे. पण जमीन विकणाऱ्यानं घेणाऱ्याला हे सांगितलंच पाहिजे. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही शेवटची अट. आपल्या सातबाऱ्यावर पीक असतं, विहीर असते, सोसायटीचा बोजा असतो. त्यात जमिनीची एक ओळ बसणार नाही?

अलास्कातली तेलाची पाइपलाइन डेनाली भ्रंशावरून जाते. भेग कुठं आहे हे बांधायच्या आधीच शोधलेलं होतं, म्हणून तेवढ्या टप्प्यात ४८ इंची पाइप जमिनीत न पुरता आडव्या तुळयांवर सरकता ठेवला. नोव्हेंबर २००२ मध्ये ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, जमीन सुमारे चौदा फूट सरकली. पाइप तुळयांवर सरकला, थेंबभर तेल सांडलं नाही.

मला सध्या हिंगोलीची काळजी वाटते. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला तिथं ४.५ चे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. वसमतकडच्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून गूढ आवाज येतात ही तक्रार तर कित्येक वर्षांची. सिद्धेश्वर आणि येलदरी धरणं त्याच बाजूला. उद्या मोठा धक्का बसेलच असं कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण घरकुलं, शाळा, पाण्याच्या टाक्या तिथं आजही बांधल्या जातायत, त्यांच्या जागा ठरवायच्या आधी जमीन बघा एवढं तर म्हणू शकते.

भेगेच्या नेमकी वर घरं थोडी असतात. मऊ, खोल मातीवर गावंच्या गावं असतात, आणि मऊ मातीत हादरा वाढतो. म्हणून माझा आग्रह मातीच्या खोलीसाठी जास्त आहे. त्याला फार मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या विहिरीत किती फुटांवर मुरूम लागला आणि कुठं पाषाण, हे तोंडपाठ असतं. बोअरवाल्यांनाही ठाऊक असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. गावातल्या पन्नास विहिरींची ही माहिती एका कागदावर आणली तरी पहिला नकाशा तयार होतो. अभियांत्रिकीची पोरं दिवाळीच्या सुट्टीत करतील. ग्रामसभेनं ठराव घ्यावा, जिल्हा परिषदेनं तो मागून घ्यावा.

भावाच्या रानात आम्ही चार कोपऱ्यांना चार खड्डे घेतले. तीन ठिकाणी साडेचार-पाच फुटांवर मुरूम लागला. ओढ्याकडच्या खड्ड्यात नऊ फुटांवरही काळीच माती. घर त्यानं तिथंच धरलं होतं, ओढ्याचा वारा येतो म्हणून. मामी दोन दिवस नाराज होती. आता पाया वरच्या बांधाला आखलाय आणि चार खड्ड्यांची मापं लिहिलेला कागद सातबाऱ्याला टाचून ठेवलाय.