"नुसता गॅस भरायला दोन दिवस लावले" या तक्रारीला उत्तर

नमस्कार सर,

नवतप्यात नागपुरात दोन रात्री एसीविना काढल्यावर माणूस एकच तारा देणार. कॉइल दुकानात न्यावी लागेल, वेळ लागेल, हे फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, चूक माझी. आमच्या पोट्ट्याने दारात उभं राहून ओझोनवर भाषण दिलं, त्याचीही माफी. नुकताच ट्रेनिंग करून आलाय.

पण "बाजूचा अर्ध्या तासात भरून देतो" यावर बोलतो. एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे गळतोय. तीन उन्हाळे तुम्ही गॅस भरून घेतला, म्हणजे तीनदा पैसे देऊन हवेत सोडला. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून पाहिलं तेव्हा इनडोअर कॉइलच्या बेंडला बारीक छिद्र सापडलं. जास्तीचे पैसे ते शोधायचे आणि बुजवायचे. त्याआधी उरलेला गॅस मशिनने सिलिंडरमध्ये ओढून घेतला, त्यातही वेळ गेला.

तो सोडून दिला असता तर कोणाला कळलं असतं? खरंय. मी काम शिकलो तेव्हा उस्ताद फ्रिजमधला आर-१२ नावाचा गॅस नट ढिला करून सरळ सोडायचे आणि आम्ही चहा प्यायचो. ओझोन वाचवायचा १९८७ चा माँट्रियल करार तेव्हा होऊन गेला होता, आमच्या गल्लीत कोणाला माहीत! आर-१२ मधलं क्लोरीन वर जाऊन ओझोन खातं. आर-१२ आपल्याकडे २०१० पासून बंद. तुमच्या मशिनीतला आर-२२ त्याच्या साधारण विसाव्या हिश्शाइतकाच वाईट, पण त्याचाही कोटा दरवेळी कापला जातोय आणि २०३० पर्यंत तो जवळजवळ संपवायचाय. भाव चढला तो त्यामुळे, माझ्यामुळे नाही.

"मग आर-३२ (नव्या एसीतला गॅस) भरा" म्हणालात. त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, शिवाय तो पेट घेऊ शकतो. जुन्या मशिनीत नाही भरणार, दुसऱ्या कोणाकडूनही भरून घेऊ नका.

नवीन एसी खपवायचा डाव म्हणता, तर मी एसी विकतच नाही, फक्त दुरुस्त करतो. तुमचा एसी ब्रेझिंग करून (धातू वितळवून छिद्र बुजवून), व्हॅक्यूम करून (नळीतली हवा ओढून काढून), वजनाने गॅस भरून दिलाय. पुढच्या उन्हाळ्यात तीच जागा गळली तर फोन करा, मजुरी घेणार नाही.