‘गाडी बनवून कोणी इंजिनिअर होत नाही’ म्हणणाऱ्यांना

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: बाजा, फॉर्म्युला स्टुडंटसारख्या (इंजिनिअरिंगच्या मुलांनी स्वतः गाडी डिझाइन करून, बनवून उतरायच्या) स्पर्धांत मुलं अभ्यास बुडवतात, गाडी बाहेरून बनवून आणतात, लाखो रुपये घालवतात, आणि शेवटी गाडी बंद पडते, म्हणजे शिकत काहीच नाहीत. मी मेकॅनिकलला असताना दोन वर्षं फॉर्म्युला टीममध्ये होतो. मला हे पटत नाही.

‘बाहेरून बनवून आणतात.’ टायर, डॅम्पर (धक्के शोषणारा भाग), इंजिन विकतच घ्यावं लागतं. पण फॉर्म्युला स्टुडंटच्या १००० गुणांपैकी ३२५ गाडी न चालवता मिळतात: डिझाइनचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १००, बिझनेस प्लॅनचे ७५. डिझाइनला समोर प्रत्यक्ष काम करणारे इंजिनिअर बसतात आणि विचारतात, ‘हा ए-आर्म (चाक फ्रेमला जोडणारा दांडा) एवढ्याच लांबीचा का?’ विकत आणलेल्या डिझाइनला याचं उत्तर नसतं.

‘अभ्यास बुडतो.’ हजेरी कमी पडते, खरंय. पण बम्प स्टिअर (चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग न फिरवताही ते वळणं) म्हणजे काय, हे मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. मग आमची गाडी कॉलेजच्या रस्त्यावर खड्डा आला की स्टिअरिंग सरळ असतानाही एका बाजूला ओढायला लागली. एका रात्री आम्ही स्प्रिंग काढल्या, जॅकने चाक थोडं थोडं वर नेलं आणि प्रत्येक टप्प्यावर टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळलंय ते, मोजत वहीत लिहिला. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली गेली होती. माउंट (दांडा फ्रेमला जोडायची जागा) काही मिलिमीटरच सरकला होता, पण त्यामुळे टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) आणि ए-आर्म वेगवेगळ्या वाटेने फिरत होते. नीट जिग (वेल्डिंग करताना भाग जागेवर घट्ट धरून ठेवणारा साचा) केली असती तर हे झालंच नसतं. वेल्डिंग, मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र), कायनेमॅटिक्स (भागांच्या हालचालीचं शास्त्र) हे तीन विषय मला त्या रात्री पहिल्यांदा एकत्र दिसले. वर्गात ते वेगवेगळ्या सेमिस्टरला होते.

‘गाडी बंद पडते.’ पडते. एन्ड्युरन्स, म्हणजे स्पर्धेतली लांब पल्ल्याची फेरी, सुमारे २२ किलोमीटरची असते. मध्ये ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करायचं आणि पुन्हा गाडीतल्याच बॅटरीवर चालू करायचं. आमचं झालं नाही. रेडिएटरचा पंखा आणि फ्युएल पंप मिळून किती करंट खातात, हे आम्ही मोजलंच नव्हतं. चार्जिंग त्याला पुरत नव्हतं. हा धडा कोणत्या लेक्चरमध्ये मिळाला असता?

पैशांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. कॉलेज नावापुरता आधार देतं आणि प्रवास, टायर मुलांच्या खिशातून जातात. साध्या घरची मुलं त्यामुळेच टीम सोडतात. तक्रार करायची तर कॉलेजकडे करा. दुसरी तक्रार माझी स्वतःची: आमच्या टीममध्ये मुलींना बहुतेक वेळा रिपोर्ट आणि स्पॉन्सरशिपच्या ईमेलवर बसवलं जायचं. जिगपाशी त्या नव्हत्या, आणि आम्हालाही ते खटकलं नव्हतं. आता त्याच टीमची इलेक्ट्रिकल प्रमुख एक मुलगी आहे. तिने पहिल्याच आठवड्यात मला फोन करून बॅटरीचे जुने आकडे मागितले.