फोटो निघाला, गुण आला

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात संस्था काढून उतरताय? उत्तम. नाशकात द्राक्षांखालोखाल सध्या याच पिकाला भाव आहे. (मीही त्यातलाच एक बागायतदार, म्हणून हक्कानं सांगतो.) पहिलं काम बॅनरचं. त्यावर मेंदूचं चित्र, मेंदूतून उगवलेलं रोपटं आणि पाहुण्यांचे फोटो, मानाच्या क्रमानं. कार्यक्रम नेमका कसला, हे बॅनर छापून आल्यावर ठरवलं तरी चालतं.

फक्त एका शब्दापासून जपा: पुरावा. हल्ली सीएसआरवाले, म्हणजे समाजकार्याला पैसे देणाऱ्या कंपन्या, अर्जातच विचारतात, 'तुमची कार्यपद्धती पुराव्यावर आधारित आहे का?' घाबरू नका. 'होय' लिहा आणि हजेरीपट जोडा. डेव्हिड सॅकेट नावाच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये सांगून ठेवलंय, की संशोधनातला चांगल्यात चांगला पुरावा, उपचार करणाऱ्याचं कसब आणि खुद्द रुग्णाला काय हवंय, या तिन्हींची सांगड घालायची. आपण मधलं तेवढं घ्यावं. 'आमचा अनुभव आहे' म्हटलं की बाकीचे दोघे आपोआप गप्प बसतात. समोरचा तरी खोदखोदून विचारू लागला तर आवाज जरा ओलसर करून म्हणायचं, 'साहेब, माणसाचं दुःख कधी आकड्यात मोजता येतं का?' विषय तिथंच संपतो. चहा येतो.

बऱ्यापैकी मोजता येतं, हे मात्र त्यांना कळू देऊ नका. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची साधी प्रश्नावली आहे. प्रश्न नऊ: झोप, भूक, कामातला रस, जीव नकोसा वाटणं वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७; गुण जितके जास्त, तितकं नैराश्य जास्त. एक कागद, पाच-दहा मिनिटं. आम्ही तो कागद वाचवतो. आमच्या फॉर्मवर एकच प्रश्न असतो, 'सेवा कशी वाटली?' आणि पर्याय तीन: चांगली, खूप चांगली, अतिशय चांगली. निफाडकडच्या एका गावात मारुतीच्या पारावर एका बाबांनी तिन्हींवर टिक केली. 'बाबा, एकावरच करायची हो,' आमची कार्यकर्ती म्हणाली. तर म्हणाले, 'असू द्या. पोरगी उन्हातान्हाची आलीय, तिचं काही नुकसान नको व्हायला.' आम्ही त्यांचे तीन लाभार्थी धरले.

मोजण्याचा फारच आग्रह झाला तर मुहूर्त पाहून मोजा. मार्चमध्ये गारपीट झाली की आठवड्याभरात गावात शिरा. घड मातीत पडलेत, बँकेची नोटीस आलीय, अशा वेळी माणूस जितका खचायचा तितका खचलेला असतो. तेव्हा पहिलं माप घ्या. दुसरं थेट ऑक्टोबरात, गोडी छाटणी उरकून बागेला नवी फूट आल्यावर. गुण उतरलेले असणारच. ते आपल्या समुपदेशनानं उतरले की सहा-सात महिने गेल्यानं, हे विचारायला कुणी बसलेलं नाही. एकच पथ्य: जिथं आपण गेलोच नाही त्या शेजारच्या गावाचं माप चुकूनही घेऊ नका. तिथलेही उतरले असतील तर काय तोंड दाखवायचं?

पूर्वी कुणीतरी ही चूक करून बसलंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली, पोरं वाया जाऊ नयेत म्हणून, मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदत दिली. कार्यकर्ते त्याच्या घरी जात, अभ्यास घेत, डॉक्टरकडे नेत, सुट्टीत शिबिराला पाठवत. हे सरासरी पाच वर्षं चाललं. आपण असतो तर तिथंच अहवाल छापून शाल घेतली असती. पण जोन मॅकॉर्ड नावाच्या बाईंनी तीस वर्षांनी त्या बहुतेक सगळ्यांना हुडकून काढलं. मोठी झालेली निम्म्याहून जास्त मुलं म्हणाली, त्या मदतीनं आमचं भलं झालं. आणि नोंदी काय म्हणत होत्या? दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, हे सगळं मदत न मिळालेल्यांपेक्षा मदत मिळालेल्यांतच जास्त. त्यातही जे पुन्हा पुन्हा शिबिराला गेले, त्यांची गत सगळ्यात वाईट.

शिबिराला! म्हणजे आपल्या वार्षिक अहवालाची पहिली बारा पानं. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

तुरुंगाचंही तसंच. वांड पोरांना कैद्यांसमोर उभं करून धाक दाखवायचा, अशी एक टूम तिकडे निघाली होती. न नेलेल्या पोरांशी ताडून पाहिलं, तर तुरुंग पाहून आलेली पोरंच पुढे जास्त गुन्हे करत होती. आपली नाशिकरोड कारागृहाची सहल रद्द करायचं कारण नाही. फाटकापाशी ग्रुप फोटो झकास येतो.

आपल्याच जिल्ह्यात काही मंडळी न गेलेल्या गावाचं माप न घेण्याचं पथ्य पाळत नाहीत, त्यांच्यापासून लांब राहा. पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. गावातलेच लोक तयार केले, त्यांनी ओट्यावर बसून ऐकून घ्यायचं, अडलेल्या सरकारी योजनेचा कागदही पुढे सरकवायचा. इतपत ठीक होतं. पण मग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत तो नेताना, कोणत्या गावात आधी जायचं आणि कोणत्या गावात नंतर, हे त्यांनी सोडतीनं ठरवलं, म्हणजे अजून न गेलेल्या गावांशी तुलना करता यावी. सोडतीनं! म्हणजे उद्घाटकांचं गाव शेवटी आलं तर? नारळ कुणी फोडायचा?

आमच्याकडे यंदा समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेली एक मुलगी लागलीय. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, 'सर, आपण गेलो नसतो तर काय झालं असतं?' अशांना कामावरून काढायचं नसतं, बोभाटा होतो. १० ऑक्टोबरच्या, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, कार्यक्रमाची सगळी जबाबदारी द्यायची: शाली, नारळ, मिसळीच्या प्लेटा. परवा तिनं हिशोबाची वही आणून ठेवली. पै न् पै चोख. मागच्या पानावर मात्र पट्टीनं दोन रकाने आखलेले दिसले, 'गेलो' आणि 'गेलो नाही'. पहिल्यात गावांची नावं आणि गुण. दुसरा कोराच होता. जागा वाया जायला नको म्हणून मी त्यात नारळ लिहून टाकले.