इंजिनाला अजून हात लावलेला नाही

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून पेढे वाटू नका. पेढ्यांमुळे शेजाऱ्यांना तारीख कळते, आणि मग जिन्यात जो भेटेल तो विचारतो, ‘‘काय, आता भंगारात का?’’ त्यांनी दिल्लीच्या बातम्या पाहिलेल्या असतात. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे, पुण्याचा नाही, हे त्यांना पिशवी खाली ठेवून सावकाश सांगावं. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी दाखवायची, शुल्क भरायचं आणि पुढची पाच वर्षं घ्यायची. म्हणजे सरकार आपल्याला मोडीत काढत नाही, दर पाच वर्षांनी फक्त ‘नक्की ना?’ असं विचारतं. या विचारण्याचे पूर्वी ६०० रुपये पडायचे. १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या गाड्यांना १०,००० लावले. प्रश्न तोच, आवाज चढलेला. पुणेकराला आवाज चढवून विचारलं की उत्तर काय येणार हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं.

तेव्हा गाडी ठेवायची हे ठरलं. आता ती सांभाळायची कशी, ते ऐका.

पहिली गोष्ट हिशेबाची. पेट्रोलचा हिशेब काटेकोर ठेवा. डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी डायरी, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन, तारीख, लिटर, किलोमीटर. कोणी ॲव्हरेज विचारलं तर आकडा दशांशात सांगता आला पाहिजे. दुरुस्तीचा हिशेब मात्र चुकूनही ठेवू नका. मेकॅनिक जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ‘क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी’ असं काहीतरी लिहून देतो. तो कागद शर्टाच्या खिशात ठेवावा आणि शर्ट त्याच दिवशी धुवायला टाकावा. हे सगळे कागद कधी एकत्र आले आणि त्यांची बेरीज झाली, तर विमा कंपनी ज्याला तुमच्या गाडीची किंमत म्हणते तो आकडा त्या बेरजेच्या खाली कुठेतरी सापडेल. कशाला बघायचं?

बेरीज नसली की लग्नाकार्यात ताठ मानेने म्हणता येतं, ‘‘आपल्या गाडीला हप्ता नाही.’’ हे वाक्य जेवणाआधी म्हणावं. जेवणानंतर लोक सुस्तावतात आणि एखादा मेहुणा विचारतो, ‘‘पण मागच्या महिन्यात रेडिएटर बदललात ना?’’ त्यावर, ‘‘एकदा बदललं की पाच वर्षं बघायला नको,’’ हे उत्तर तयार ठेवा. ते खोटंही नाही. रेडिएटरला खरंच पाच वर्षं बघावं लागत नाही. बॅटरीलाही तीन-चार वर्षं नाही, शॉकअबलाही नाही. अडचण एवढीच की या मंडळींची पाच वर्षं एकाच मुहूर्तावर सुरू होत नाहीत. दिवाळीला क्लच, संक्रांतीला टायर, जूनमध्ये वायपरची मोटर, असं वर्ष छान भरलेलं राहतं. आणि कोणी फारच खोलात शिरलं तर शेवटचं अस्त्र काढा: ‘‘इंजिनाला अजून हात लावलेला नाही.’’ बाकी सगळ्याला लागून झाला आहे, हे ऐकणाऱ्याला सुचेपर्यंत पंगत उठलेली असते.

दुसरी गोष्ट मेकॅनिक. हा निवडायचा नसतो. तो वडिलांकडून गाडीबरोबर येतो. त्याचं गॅरेज कुठल्यातरी बोळात असतं, बाहेर तीन गाड्या बोनेट उघडून उभ्या असतात आणि त्यातली एक तुम्ही कॉलेजात होतात तेव्हापासून तिथेच आहे. तिच्याबद्दल विचारू नका. तुमची गाडी काहीतरी आवाज करते म्हणून तुम्ही जाता. आवाज घरापासून गॅरेजच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि तिथे उतरून जातो. आता आवाज तोंडाने काढून दाखवणं आलं. लाजू नका. ‘कटकट’ की ‘खडखड’, ब्रेक दाबल्यावर की वळताना, खड्ड्यात की स्पीडब्रेकरवर, याची नक्कल नीट जमली पाहिजे. बुश गेलाय की बॉल जॉइंट, हे तुमच्या अभिनयावर ठरतं. ‘टिकटिक’ म्हणालात तर तो टॅपेट म्हणेल, ‘गूंगूं’ म्हणालात तर बेअरिंग. मला वाटतं पुण्यातल्या एकांकिका स्पर्धांना निम्मी मंडळी इथूनच मिळत असावीत.

मग तो म्हणतो, ‘‘काका, संध्याकाळी घेऊन जा.’’ कुठल्या, हे तो सांगत नाही आणि विचारणं बरं दिसत नाही. फोन केलात तर ‘‘पार्ट आणायला पोरगा गेलाय’’ असं कळतं. पोरगा गेलेला नसेल तर तुम्हाला जावं लागतं, आणि तसंच व्हावं, कारण नाना पेठेत स्वतः जाऊन स्पेअर पार्ट आणल्याशिवाय जुन्या गाडीचा मालक पक्का होत नाही. तिथे दुकानदार तुमच्याकडे न बघता विचारतो, ‘‘कार्ब की एमपीएफआय?’’ म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजणारा जुना कार्ब्युरेटर की नंतरचं इंजेक्शन. यातलं आपल्या बोनेटखाली काय आहे हे ठाऊक नसेल तर चेहरा पाडू नका, ‘‘दोन्ही दाखवा’’ म्हणा. पुढचा प्रश्न असतो, ‘‘सॅम्पल आणलंय?’’ सॅम्पल म्हणजे मोडलेला जुना पार्ट. तो गॅरेजमध्ये गाडीलाच लटकलेला असतो. तुम्ही परत जाता, तो काढून घेऊन येता, तोवर दुपारची वेळ झालेली असते आणि शटर अर्धं खाली आलेलं असतं. कंपनीचा पार्ट बंद झाला असं कळलं की उरतो मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे तुमच्या गाडीचा साइड मिरर सापडतो. दुसऱ्या बाजूचा. घेऊन ठेवा.

गाडी सुरू करणे हा स्वतंत्र विषय आहे. घर घेतानाच उताराचं घ्यावं. सहकारनगरला तळजाईच्या बाजूला किंवा बावधनला चढावर. बिल्डर ‘टेकडीचं दर्शन’ म्हणून जादा पैसे लावतो, पण आपल्याला टेकडी बघायची नसून तिच्यावरून गाडी सोडायची आहे. किल्ली ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबलेला, थोडा वेग आला की क्लच सोडा. सपाटीवर राहत असाल तर सकाळी फिरायला निघणारे ज्येष्ठ नागरिक हेरून ठेवा. त्यांना धक्का मारायला मनापासून आवडतं आणि मारताना ‘‘आमच्या फियाटला कधी गरज पडली नाही’’ हे सांगायला त्याहून जास्त. एक तांत्रिक बाब: एमपीएफआय गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी अगदीच मेली असेल तर गाडी अख्ख्या सोसायटीने ढकलली तरी सुरू होत नाही. ही माहिती काकांना गेटपर्यंत पोचल्यावर द्यावी.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, कारण तिथे विनोदाला फार जागा नाही. विमा थर्ड पार्टी घ्या. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी, सगळ्या घरखर्चात कमी बोलणारा हाच आकडा. पीयूसी बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाडीला सहा महिन्यांची मिळते. तिला इंजिन थंड असताना जाऊ नका, थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि धूरही तसाच सोडतं. आधी विद्यापीठ चौकातून एक फेरी मारा; तिथे गाडी हमखास गरम होते. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती नवी सुरक्षा नंबर प्लेट लावायची आहे, ७४५ रुपये अधिक जीएसटी. मुदत इतक्यांदा वाढली की शेवटची तारीख कुठली यावर पैजा लागल्या. पण प्लेट लावून घ्याच. तिचे लॉक एकदा बसले की निघत नाहीत. गाडीत हलत नसलेली अशी दुसरी वस्तू तुमच्याकडे नाही.

आता पेट्रोलचं. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील त्याच्यासाठी बनवलेले नाहीत. म्हणून चिडू नका. जुन्या गाडीच्या मालकाला इतकं सोयीचं निमित्त आजवर मिळालं नव्हतं. ॲव्हरेज पडलं? इथेनॉल. पिकअप नाही? इथेनॉल. डाव्या दरवाजाचा हँडल तुटला? जरा अवघड आहे, पण प्रयत्न करून बघा. शिवाय सांगली-कोल्हापूरकडचे नातेवाईक आले की त्यांना ‘‘तुमच्या उसाला आमच्या टाकीत भाव आहे’’ असं म्हणता येतं. त्यांच्या गाडीत ते काय भरतात हे विचारू नका, ती नवी असते.

शहरात चालवताना मात्र तुमच्यासारखा सुखी माणूस नाही. नव्या मोठ्या गाडीच्या मालकाला लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा दिसते. तुमच्या बाबतीत रिक्षावाल्याला तुमची गाडी दिसते. तो आधी दरवाजावरचे ओरखडे वाचतो, मग तुमचा चेहरा, आणि थांबतो. हरण्यासारखं काहीही नसलेला माणूस त्याला लांबून ओळखू येतो. पेठांत पी-वन, पी-टू (सम-विषम तारखांचं पार्किंग) बघून जिथे बोट शिरेल तिथे गाडी घाला. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ अशा पाट्यांचाही फार धसका घेऊ नका. हवा सोडायला वाकलेला माणूस टायरकडे बघून बहुधा तसाच उभा राहतो. काम आधीच झालेलं असतं.

खरी परीक्षा घाटात. समजा, साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढताय. मे महिना, मागे तीन माणसं, पुढे तुम्ही आणि सासूबाई, डिकीत आमरसाची बरणी. एसी कात्रजलाच बंद केलेला. काटा वर सरकायला लागला की घाबरू नका, हीटर लावा. चेष्टा नाही. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, पंखा पूर्ण सोडला की इंजिनाची बरीचशी उष्णता आत येते आणि काटा खाली उतरतो. उष्णता कुठे येते? सासूबाईंच्या पायांवर. काय बोलावं याचा आधी विचार करून ठेवा. ‘‘पाच मिनिटं फक्त’’ हे चालतं, ‘‘इंजिन वाचलं पाहिजे’’ हे चालत नाही. तरी वाफ आलीच तर कडेला थांबा, बोनेट उघडा आणि गरम रेडिएटरच्या टोपीला हात लावू नका. निदान अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मागच्या सीटवरून पुढची वाक्यं येतील, याच क्रमाने: ‘‘मी म्हटलंच होतं.’’ ‘‘कॅब केली असती.’’ ‘‘बाबा, नेटवर्क नाहीये.’’ तुम्ही त्यांना मारुती ८०० च्या ७९६ सीसीवर, तीन सिलिंडरवर लोक अख्खं घर महाबळेश्वरला नेत असत हे सांगू शकता. एकदाच सांगा.

जुन्या गाडीने माणूस सुसंस्कृत होतो, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. डावीकडचं पुढचं दार आतून उघडत नाही, म्हणून तुम्ही प्रत्येक ठिकाणी उतरता, वळसा घालता आणि बायकोसाठी बाहेरून दार उघडून उभे राहता. सोसायटीतल्या बायका हे गॅलरीतून बघतात आणि संध्याकाळी आपापल्या नवऱ्यांना ऐकवतात. तेव्हा ते हँडल कधीही दुरुस्त करू नका. तुमची बायको काय सांगायचं ते सांगेल; ती बोलते आहे हे बाहेर ऐकू जात नाही, काच खाली होत नाही.

विकण्याचा विचार मनात आला तर दसऱ्यापर्यंत थांबा. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लिंबू पहिल्या झटक्यात फुटलं की विचार जातो. त्यातूनही कोणी बघायला आलंच आणि किंमत बोलू लागलं, तर तुम्हाला मनापासून राग यायला हवा. ‘‘तुम्हाला गाडीची कदर नाही’’ असं म्हणून चहा न देता पाठवा. जुनी गाडी घराबाहेर विकायचीच नसते. ती घरातच खाली घसरते: वडिलांकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून भाच्याकडे. भाच्याला नुकतं लायसन्स मिळालेलं असतं आणि ‘शिकायला बरी आहे’ यावर त्याच्या आईचं एकमत असतं. किल्ली देताना त्याला समोर बसवून सगळं सांगावं. रिव्हर्स टाकायच्या आधी एकदा फर्स्ट टाकून घे. पेट्रोलचा काटा पाववर आला म्हणजे संपलंय. पावसात वायपर लागला नाही तर डॅशबोर्डवर मूठ मार, डावीकडे, उजवीकडे नको, तिथे घड्याळ आहे. आणि तो विचारेल, ‘‘मामा, हॉर्न वाजत नाहीये.’’ वाजतो रे. स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवलं की वाजतो. समोरून कोणी येत असेल तर आधी डावीकडे वळ, हॉर्न दे, मग सरळ हो.