‘जग दोघंच चालवतात’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला सोलापुरातून उत्तर

जानेवारी २०२६ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी दावोसला मध्यम ताकदीच्या देशांनी एकत्र यावं, नाहीतर मोठे देश त्यांना गिळतील, अशा अर्थाचं भाषण केलं. त्याची टर उडवणारा एक मजकूर आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जग अमेरिका आणि चीन चालवतात. बाकीचे जमतात, फोटो काढतात. त्यातून सामान्य माणसाला काही मिळत नाही. हे देश एकमेकांचेच गळे कापतात आणि निवडणूक झाली की शब्द फिरवतात. वर कुणा सोलापूरकराने शेवटी जोड दिली आहे: ‘आपल्या कोटणीसांनी चीनसाठी जीव दिला, काय मिळालं?’

ही जोड आधी निकालात काढू. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली गेले ते जपानी आक्रमणाखालच्या चीनमध्ये, काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून. १९४२ मध्ये तिथेच वारले. परतफेडीचा हिशेब मांडून ते गेले नव्हते, आणि ज्याच्या बॉम्बनी जखमी झालेल्यांवर त्यांनी उपचार केले तो जपान आज क्वाडमध्ये (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) आपल्या शेजारी बसतो. यातून आजचं परराष्ट्र धोरण काढायचं म्हणजे कमाल आहे.

आता ‘दोघंच ठरवतात’. २०१७ मध्ये अमेरिकेने पॅसिफिक व्यापार करारातून अंग काढलं तेव्हा सगळ्यांनी तो मेला असं धरलं होतं. जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी तो उचलून धरला आणि २०१८ मध्ये ११ देशांनी सह्या केल्या. भूसुरुंगबंदीचा १९९७ चा ओटावा करारही कॅनडाच्या पुढाकाराने झाला, अमेरिका, चीन, रशिया त्यात नव्हते. आपणही नव्हतो, हेही सांगून टाकतो.

सगळ्यात चुकीचा मुद्दा ‘सामान्य माणसाला काय’ हा. २००० च्या आसपास एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च रुग्णामागे १० ते १५ हजार डॉलर होता. ब्राझील स्वतः औषधं बनवून फुकट वाटत होता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला औषध कंपन्यांनी कोर्टात खेचलं होतं. २००१ च्या फेब्रुवारीत आपल्या सिप्ला या औषध कंपनीने तोच उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. कंपन्यांनी एप्रिलमध्ये खटला मागे घेतला आणि नोव्हेंबरात दोहा इथे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आदी देशांच्या रेट्यामुळे पेटंटपेक्षा सार्वजनिक आरोग्य वरचढ ठरवता येईल असं जागतिक व्यापार संघटनेला लिहून द्यावं लागलं. आज सरकारी दवाखान्यातल्या एआरटी (एड्सवरच्या उपचाराच्या) केंद्रावर गोळ्या फुकट मिळतात. त्या रांगेतल्या माणसाला विचारा, फोटो कुणी काढला ते.

लशींच्या संशोधनाला पैसा पुरवणारी सेपी ही संस्था २०१७ मध्ये नॉर्वे आणि भारत सरकारने काही न्यासांबरोबर उभी केली. कोव्हिशील्ड ज्या ऑक्सफर्डच्या लशीतून आली तिच्यात सेपीचा पैसा आहे. उलट बाजूही आहे: कोरोनाच्या लशींवरचं पेटंट शिथिल करा ही भारत आणि दक्षिण आफ्रिकेची मागणी ऑक्टोबर २०२० ची, निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही अर्धामुर्धा. वरातीमागून घोडं.

शब्द फिरवण्याचं म्हणाल, तर पॅरिस हवामान करारातून बाहेर पडण्याचा निर्णय दोनदा घेतला तो अमेरिकेने. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका यांचा गरीब देशांसाठीचा छोटा निधी २००४ पासून चालू आहे. तेव्हापासून तिन्हीकडे सरकारचे प्रमुख बदलले.

गळेकापूपणाचा आरोप मात्र आपल्या जिल्ह्याला झोंबणारा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. ऊस आणि साखर कारखान्यांवर इथलं अर्थकारण उभं. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) आणि निर्यात अनुदानाविरुद्ध व्यापार संघटनेत तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. मित्र कसले, असं वाटणं साहजिक आहे.

पण त्याच ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि आपल्या कापडावरचा तिथला पाच टक्के कर शून्य झाला. आपल्या सोलापूरचे टेरी टॉवेलही त्यात आले. हे किती मोलाचं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये कळलं. अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखान्यात बायका बसून तयार टॉवेलांची लेबलं उसवत होत्या. त्यांच्यावर किंमत डॉलरमध्ये छापलेली, माल दुसरीकडे खपवायचा तर लेबल काढणं भाग. ज्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं त्याचे माग चालू राहिले. ब्राझीलचंही तसंच: साखरेत वैरी, पण २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० वेळी जैवइंधन आघाडीत आपल्या सोबत. त्यांचा जितका ऊस इथेनॉलकडे जाईल तितकी जगाच्या बाजारात साखर कमी, म्हणजे फायदा आपलाच.

साखरेच्या निकालावर आपण जानेवारी २०२२ मध्ये अपील केलं. ते तसंच पडून आहे, कारण अमेरिकेने न्यायाधीशांच्या नेमणुका अडवल्यामुळे व्यापार संघटनेचं अपील मंडळ २०१९ च्या डिसेंबरपासून बंद आहे. युरोपीय संघ, कॅनडा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांनी २०२० मध्ये आपसात पर्यायी अपील व्यवस्था सुरू केली. चीनही तिच्यात आहे, आपण नाही. अपील पडून असेपर्यंत निकाल लागू होत नाही, म्हणून साखरेपुरतं बंद मंडळ आपल्या पथ्यावर पडलंय. पण टॉवेलवरच्या करासाठी दाद मागायला गेलो, तर कुलूप त्याच दाराला आहे.