काय झालं ते कळायला हवं

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. पूर्व टेक्सासात नॅकडोचेसला मी तेव्हा शिकत होतो. सकाळी आठच्या सुमारास खोलीची तावदानं थरथरली आणि लांबलचक गडगडाट डोक्यावरून गेला. आभाळ तर निरभ्र. टीव्ही लावला तेव्हा कळलं, फ्लोरिडात उतरायला सोळा मिनिटं राहिली असताना 'कोलंबिया' हे नासाचं अंतराळयान तुटलं. आत सातजण होते, त्यांत कल्पना चावला.

दुपारी रस्त्याकडेच्या गवतात तळहाताएवढा काळपट तुकडा पाहिला. भोवती पिवळी फीत, आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी हातात धरून उभे. तुकड्यांना विषारी इंधन लागलेलं असेल, हात लावू नका, असं रेडिओवर सांगत होते. ती सूचना नसती तरी त्या गृहस्थांनी कोणाला हात लावू दिला नसता.

ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला, कोणालाही वाचता येईल असा. बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा उड्डाणाच्या वेळी सुटून डाव्या पंखावर आदळला, हे त्यात होतंच. पण अभियंत्यांना त्या पंखाची छायाचित्रं हवी होती आणि वरून त्याला नकार मिळाला, हेही तारीखवार छापलेलं होतं. अपघाताला फोमइतकीच नासाची कामाची पद्धत जबाबदार आहे, असं मंडळाने स्वच्छ म्हटलं. परक्या देशात राहताना ज्या थोड्या गोष्टींनी माझा आदर मिळवला, त्यांत हा अहवाल फार वर आहे.

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर चांद्रयानाचा विषय निघाला की वाद पैशावरच येतो. एक म्हणतो, एवढ्यात किती शाळा झाल्या असत्या. दुसरा म्हणतो, ६१५ कोटींत चंद्र गाठला, जगात कोणी गाठेल का? मला तळमळ लागते ती वेगळ्याच गोष्टीची.

७ सप्टेंबर २०१९ला चांद्रयान-२चं 'विक्रम' चंद्रावर उतरत होतं तेव्हा माझ्याकडे, अमेरिकेत, शुक्रवारची दुपार होती. पडद्यावरची हिरवी रेषा ठरलेल्या वाटेपासून ढळली, आणि उंची सुमारे २.१ किलोमीटर असताना संपर्क तुटला. ठाण्याला काका रात्री दोन वाजता जागे होते. फोनवर म्हणाले, "कळेल रे काय झालं ते."

वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला, एवढं संसदेत सांगितलं गेलं. चौकशी समितीचा पूर्ण अहवाल मात्र लोकांपुढे आला नाही. नीट उलगडा झाला तो २०२३मध्ये, चांद्रयान-३च्या आधी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ बोलले तेव्हा: पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, यानाला झटपट वळायची मुभा नव्हती आणि उतरायची जागा होती जेमतेम ५०० बाय ५०० मीटर. पुढच्या वेळी ती ४ बाय २.४ किलोमीटर केली, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं. २३ ऑगस्टला इथल्या सकाळी ७ वाजून ३४ मिनिटांनी यान उतरलं आणि मी ढसाढसा रडलो. इस्रो चुकांतून शिकते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

धाकटी चुलत बहीण म्हणते, "दादा, तिकडे बसून बोलायला काय जातं? हेच तंत्र क्षेपणास्त्रांना लागतं, सगळं कसं उघड करतील?" तिचं रास्त आहे. तेवढा भाग झाकावा. पण उरलेला छापावा, कारण ही रीत आपल्याला परकी नाही. १० ऑगस्ट १९७९ला उपग्रह सोडणारं पहिलं एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडलं, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. पुढच्या वर्षी यश आलं तेव्हा बोलायला प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केलं.

आता गगनयानात माणसं बसणार आहेत. त्यांच्या घरच्यांना विश्वास हवा तो नुसत्या अभिमानावर नको, वाचता येणाऱ्या कागदांवर हवा.

काका २०२१मध्ये गेले. त्या रात्री काय झालं, ते त्यांना कळलंच नाही.