‘माशी आपल्या माणसाला चावत नाही’ म्हणे!

भाच्याने नुकत्याच सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्यात. परवा त्याचा मेसेज आला, ‘मामा, तोंडावर घालायचा जाळीचा बुरखा परत दिला तर चालेल ना? हे वाचा.’ खाली तो फॉरवर्ड, ‘मधपाळांसाठी गुपिते’, आणि शेवटी ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा’. दोन-तीन ग्रुपांवर आधीच येऊन गेला होता, तेव्हा दुर्लक्ष केलं. आता घरातच शिरलाय म्हटल्यावर बोलणं भाग आहे.

पहिलं गुपित असं: माश्या पाळणाऱ्याला ओळखू लागतात, मग बुरखा-हातमोजे टाकून द्यावेत. अहो, हंगामात कामकरी माशी जगते जेमतेम सहा आठवडे. त्यातला निम्मा काळ तर पोळ्याच्या आतल्या कामात जातो. आज जिने ‘ओळख’ करून घेतली ती पुढच्या महिन्यात मेलेली असते, आणि दारावर पहारा करणारी नवीच असते. तिला तुमचा चेहरा कळत नाही. तिला कळतो धक्का, घामाचा किंवा अत्तराचा वास, गडद रंगाचा केसाळ कपडा आणि तोंडावर सोडलेला श्वास.

हातमोज्यांबद्दल मात्र थोडं मान्य करतो. महाबळेश्वर-जावळीकडचे जुने मधपाळ उघड्या हाताने पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी उचलतात, हे मीही पाहिलंय. सातेरी तशी शांत, आणि जाड मोज्यात बोटांना अंदाज येत नाही. माश्या चिरडतात, आणि चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या खवळतात. तेव्हा हात सरावल्यावर मोजे काढायचे तर काढा. बुरखा नाही! बुबुळावर बसलेला डंख नजर अधू करू शकतो, आणि घशात गेलेली माशी आतून सूज आणून श्वास अडवू शकते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच ओळीत गुंडाळलं, जसं काही बोट आणि डोळा सारखेच.

आता ज्या मुद्द्यामुळे डोकं फिरलं तो. शब्दशः देतो: ‘जितके डंख तितकी ताकद. सूज म्हणजे विष बाहेर पडतंय. दवाखान्यात जाऊ नये, इंजेक्शनने विष अंगात मुरतं.’

डंखाच्या जागी सूज, आग, खाज हे नेहमीचंच, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण काहींच्या शरीराची प्रतिक्रिया वेगळी असते. डंख बसतो हाताला आणि काही मिनिटांत अंगभर पित्त उठतं, ओठ-जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, दम लागतो, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. एका डंखानेही हे होऊ शकतं, आणि आधीचे डंख निभावले म्हणून पुढचा निभावेलच असं नाही. अशा वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. हो, तेच इंजेक्शन, ज्याने म्हणे विष मुरतं. खिशातली अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, ती खाज कमी करेल इतकंच. माणसाला चालवत नेऊ नका. आडवा करा, पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, आणि गाडी बोलवा. पेटी उघडायच्या आधीच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, हे इंजेक्शन आहे का आणि रात्री कोण असतं.

‘ताकद’ येते यात तथ्याचा अंश आहे, नाइलाजाने सांगतो. वर्षानुवर्षं भरपूर डंख खाणाऱ्या मधपाळांना बहुधा त्याची सवय होते. पण वर्षाला मोजकेच डंख खाणाऱ्यांमध्ये अ‍ॅलर्जी जास्त आढळते. म्हणजे धोका नेमका दोन पेट्यांवाल्या नवशिक्याला, आणि फॉरवर्ड फिरतोय त्याच्याकडेच. विषाची सवय लावायचा उपचार आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मात्रेत होतो. परसात माश्या अंगावर घेऊन नाही.

पुढचं गुपित भल्याभल्यांनाही पटतं: काटा चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाते, घरी जाऊन एटीएम कार्डाने खरवडा. डंख बसल्यावर कातडीकडे नीट बघा. माशी उडून जाते, काटा रुतलेला, आणि त्याला लटकलेली पांढुरकी इवलीशी पिशवी थरथरत असते. ती कुणी न दाबताही आपली आपण विष आत ढकलत राहते. व्हिशर, व्हेटर आणि कॅमझीन या अमेरिकी संशोधकांनी हेच तपासून १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. चिमटीने काढलेला आणि खरवडून काढलेला, दोन्ही डंखांच्या गांधीत फरक नव्हता. काही सेकंदांचा उशीर मात्र गांध वाढवत होता. तेव्हा नख, चिमटी, पटाशी, जे हाताशी असेल त्याने लगेच काढा, कार्ड शोधत घरी पळू नका. मग त्या जागेवर धुराड्याचा (माश्या शांत करायला धूर सोडतात त्या डब्याचा) धूर मारा, कारण डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या खुणेवर दुसऱ्या माश्या येतात.

डंखावर लोखंड घासा, चुना लावा, कांदा चोळा, असंही त्यात आहे. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरून काय चोळणार? लोखंड गार असतं म्हणून जरा बरं वाटतं. मग सरळ बर्फच लावा.

धुराड्यात रॉकेलची चिंधी म्हणे. तो धूर माश्यांना आणि मधाला दोन्हींना बाधतो, शिवाय एप्रिलातलं वाळलं गवत पेटायला ठिणगी पुरते. गोवरी, नारळाची सोडणं, सुका पाला पुरे. धूर आधी तळहातावर घ्या, गार लागला तरच पोळ्यावर सोडा.

आग्या माशीही ‘प्रेमाने’ पेटीत बसते म्हणे? ती कड्याला किंवा उंच फांदीला उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते आणि हंगाम बदलला की निघून जाते. तिच्या वाटेला जाऊ नका.

पांढरे कपडे घाला, हे एक बरोबर लिहिलंय.

शेवटचं, ‘संध्याकाळी पेटी उघडा, माश्या झोपलेल्या असतात.’ संध्याकाळी उलट सगळ्या घरी असतात, आणि अंधार पडला की उडण्याऐवजी रांगत बाहीत, पायजम्यात शिरतात. ऊन पडल्यावर, सकाळी दहा-अकराच्या सुमारास उघड, निम्मी पलटण फुलांवर गेलेली असते. पायजमा पायमोज्यात खोच. आणि हो, बुरखा परत देऊ नकोस.